कोरीव खांबांपासून खाचांच्या फळीपर्यंत

१८६४ साली नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा जळाला. काळ्या बेसाल्टच्या दगडात बांधलेला आणि लाकडी कोरीवकामाने नखशिखांत सजवलेला हा वाडा. आगीनंतर त्याचे भव्य प्रवेशद्वार तेवढे उभे राहिले. या आगीची हळहळ आजवर व्यक्त झाली ती वास्तूसाठी, कलाकुसरीसाठी, एका राजघराण्याच्या वैभवासाठी. पण त्या लाकडाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची नोंद कुणी केली नाही. अशा दालनात आवाज ज्या रीतीने वावरतो, ती रीतही गेली.

दिवाणखाना डोळ्यांपुढे आणावा. दोन्ही बाजूंना सागवानी खांबांच्या रांगा, खांबांमध्ये महिरपी, वर कडीपाटाचे छत, छताला टांगलेली झुंबरे, खाली बैठक, गाद्या, लोड, तक्के. गवई मध्ये बसलेला, श्रोते तीन बाजूंनी. गवयाच्या तोंडून निघालेला सूर श्रोत्याच्या कानापर्यंत थेट पोचतोच. त्याच्या मागोमाग काही हजारांश सेकंदांच्या अंतराने तोच सूर खांबांवरून, कड्यांवरून, महिरपींच्या कमानींवरून परतून येतो. सपाट भिंतीवर आदळलेला आवाज कॅरमच्या सोंगटीसारखा एकाच ठरलेल्या दिशेने उलटतो. गोल खांबावर किंवा उंचसखल कोरीवकामावर आदळलेल्या आवाजाचे मात्र अनेक तुकडे होतात आणि ते अनेक दिशांना पांगतात. कान या तुकड्यांना वेगवेगळे मोजत नाही. तो ते मूळ सुरात मिसळून घेतो आणि सुराला भरीवपणा येतो, खोली जिवंत वाटते. गाद्या आणि माणसांचे कपडे जास्तीचा घुमारा शोषून घेतात. शोषणे आणि पांगवणे ही दोन्ही कामे त्या दिवाणखान्यात आपोआप होत असत.

आपोआप हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कोरक्याने वेलबुट्टी कोरली ती डोळ्यांसाठी. जुन्या कारागिरांना ध्वनीचे सगळे गुपित माहीत होते, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा, कारण त्याला पुरावा नाही आणि पदार्थविज्ञानही तसे सांगत नाही. उंचसखलपणाची खोली आवाजाच्या तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी झाली, की पांगापांग जाणवू लागते. दोन सेंटीमीटर खोल कोरीवकाम सुमारे ४,३०० हर्ट्झच्या वरच्या आवाजालाच हात लावते. गाण्याच्या मूळ सुरांना ते लागूही होत नाही. पण तानपुऱ्याची जवारी लावल्यावर जो रवाळ झणत्कार उठतो, त्याचे वरचे स्वर याच पट्ट्यात असतात. फूटभर जाडीचा खांब आणखी खाली, हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंत काम करतो. म्हणजे तानपुऱ्याची झळाळी कोरीवकामाने पांगायची आणि आवाजाचा मधला भाग खांबांनी. महालातल्या उरल्यासुरल्या जुन्या वाड्यांतले कोरीव खांब पाहताना हा हिशेब मनात धरला, तर ते खांब नुसते बघण्याचे राहत नाहीत.

महालाबाहेर भोसल्यांची आणखी एक जागा म्हणजे सक्करदरा; ते त्या काळी शहराबाहेर होते. भोसल्यांनी नागपूरच्या आत आणि भोवती बागा लावल्या: महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सोनेगाव, तेलंगखेडी आणि त्यांच्याच जोडीला सक्करदरा. तलाव, झाडी आणि मोकळी हवा. तिसरे रघुजी १८५३ साली वारस न ठेवता वारले, गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, आणि राजधानीचे सरकारी दरबारी जीवन संपले. घराणे मात्र नागपुरातच राहिले. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी सूफी संत ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून सक्करदऱ्याच्या राजवाड्यात आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले. उमरेड रोडवरच्या ताजबागेत त्यांचा दर्गा आहे आणि उरुसात तिथे कव्वाली रंगते. कव्वालीला उघड्या आकाशाखाली ना खांब हवेत ना छत. टाळ्या आणि सहगायकांचे आवाज हाच तिचा भराव, कारण मोकळ्यावर परतून येणारा आवाज नसतो. जो काही भरीवपणा हवा तो गाणाऱ्यांनाच निर्माण करावा लागतो. दिवाणखान्यातल्या ख्यालाला आणि मैदानातल्या कव्वालीला जागेने वेगवेगळे वळण लावले असणार, हे मानायला हरकत नसावी.

ताजुद्दीन बाबा सक्करदऱ्यात आले त्यानंतर दोनेक वर्षांत नागपुरात एक तरुण सरकारी अधिकारी बदली होऊन आला. नाव चंद्रशेखर व्यंकट रामन, खाते हिशेबाचे. रंगूनहून आलेल्या रामन यांना नागपुरात वर्षही पुरे झाले नव्हते, तोच १९११ मध्ये बढतीवर त्यांची कलकत्त्याला बदली झाली. प्रकाशाच्या विकिरणासाठी त्यांना १९३० साली नोबेल मिळाले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याआधीची कित्येक वर्षे त्यांनी आवाजावर घालवली, हे तितकेसे आठवले जात नाही. व्हायोलिनची तार गजाखाली कशी थरथरते, हे त्यांनी तपासले. तबला आणि मृदंग यांच्या शाईमुळे चामड्याचे वाद्य सुरेल कसे होते, हे १९२० साली ‘नेचर’मधून जगाला सांगितले. १९२२ च्या सुमारास त्यांनी कुजबुजणाऱ्या सज्जांचा अभ्यास केला, आणि त्यात विजापूरचा गोल घुमटही होता.

गोल घुमट मराठी मुलखातल्या शाळांच्या सहलींनी कित्येक वर्षे पाहिला आहे. १६५६ साली पुरा झालेला, मुहंमद आदिलशहाच्या कबरीवरचा हा घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन पुटपुटलेले पलीकडच्या टोकाला ऐकू येते, आणि टाळी वाजवली की ती सात-सात वेळा परतते. मुले ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. गमतीसाठी ही जागा अद्भुत आहे, गाण्यासाठी अशक्य. अंतर्वक्र पृष्ठभाग आवाज पांगवत नाही, गोळा करतो. एका जागेचा आवाज दुसऱ्या एका जागेत ओततो. दिवाणखान्याचा बाहेर फुगलेला खांब आणि घुमटाचा आत वळलेला पोकळ गोल, दोन्ही वक्रच, पण कानाच्या दृष्टीने एकमेकांचे कट्टर विरोधी.

इकडे नागपूर शहर वाढले. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला. अभिन्यास पडले, प्लॉट विकले गेले, बागेच्या आणि तलावाच्या कडेने वस्ती दाटत गेली. आजच्या सक्करदरा चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, बुधवारी बाजार आहे, उमरेड रोडची न थांबणारी वाहतूक आहे. घरे विटा-सिमेंटची, छत स्लॅबचे, फरशी आधी शहाबादी, मग मोझॅक, मग गुळगुळीत टाइल्स. खोली चौकोनी, भिंती एकमेकींना समांतर आणि प्लास्टरने तासलेल्या. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या शहरात ही घरे किती तापतात, याची चर्चा होते. ती किती वाजतात, याची होत नाही.

नव्या, रिकाम्या खोलीत एकदा टाळी वाजवावी. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा धातूसारखा शेपटा ऐकू येतो. बारा फुटांवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन भिंती ती टाळी एकमेकींकडे टोलवत राहतात. एक फेरी सुमारे एकवीस हजारांश सेकंदांची, म्हणजे सेकंदाला जवळपास सत्तेचाळीस फेऱ्या. याच खोलीत कुणी हौसेने चांगले स्पीकर आणून किशोरीताई आमोणकरांची किंवा कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावली, तर प्रत्येक व्यंजनाला हाच शेपटा चिकटतो. दोष रेकॉर्डचा नसतो, यंत्राचाही नसतो.

खोलीच्या या दोषाला आकड्यात बांधणारा पहिला माणूस वॉलेस सबाइन. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग म्युझियममधले नवे व्याख्यानगृह सुधारण्याचे काम या तरुण प्राध्यापकाकडे आले. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. सबाइन मध्यरात्री, शहर झोपल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणी, ऑर्गनची नळी वाजवी आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी. पहाटेच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: खोलीचे घनमीटरमधले आकारमान ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीच्या एकूण शोषणाने भागायचे.

ते सूत्र सक्करदऱ्यातल्या एका साध्या खोलीला लावता येते. बारा बाय चौदा फूट, उंची दहा फूट. आकारमान सुमारे ४८ घनमीटर, भिंती-छत-फरशी मिळून सुमारे ८० चौरस मीटर. प्लास्टर आणि टाइल्स त्यांच्यावर पडलेल्या आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग गिळतात. भागाकार केला की कागदावर तीन सेकंदांहून अधिक घुमारा निघतो. खोलीत गादी, पडदे, कपाट, माणसे आली की तो एक सेकंदाच्या खाली उतरतो. त्यामुळे राहत्या घरातला माणूस तक्रार करत नाही. पण गाणे ऐकायला म्हणून राखलेल्या खोलीत सामान कमी असते, आणि तिथे हा प्रश्न उघडा पडतो.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो शोषणाचा. जाड पडदे, गालिचे, फोमच्या लाद्या. काही जण भिंतीला अंड्यांचे ट्रेही चिकटवतात. ट्रेंचा उपयोग फारसा होत नाही. फोमचा होतो, पण तो मापाबाहेर लावला की वरचे स्वर सगळे गिळतो आणि खालचे तसेच सोडतो. पातळ फोमने मढवलेल्या खोलीत तानपुरा मुका होतो आणि तबल्याचा डग्गा मात्र पूर्वीसारखाच घुमत राहतो. ऐकणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखे होते, पण काय ते सांगता येत नाही.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तोवर जगभरच्या ध्वनिअभियंत्यांना ही अडचण पुरेशी कळली होती. १९४२ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीतल्या जॉन व्होल्कमन यांनी एक सोपा तोडगा छापून मांडला: प्लायवुड वाकवून अर्धगोल फुगवटे करायचे आणि वेगवेगळ्या रुंदीचे असे फुगवटे स्टुडिओच्या भिंतींवर लावायचे. आवाज मरत नाही, पांगतो. अनेक देशांच्या रेडिओ स्टुडिओंनी आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांनी हे फुगवटे स्वीकारले. दिवाणखान्याचा खांब उभा अर्धा कापून भिंतीला टेकवला, असेच त्याचे रूप होते; फरक इतकाच की आता तो आवाजासाठीच लावलेला होता.

युरोपातल्या जुन्या संगीतगृहांची गोष्टही दिवाणखान्यासारखीच आहे. १८७० सालचे व्हिएन्नाचे म्युझिकफेराइन सोनेरी स्त्रीमूर्तींनी, कोनाड्यांनी, नक्षीदार छताने भरलेले. १९०० साली सबाइनच्या सल्ल्याने उभे राहिलेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल, त्याच्या कोनाड्यांत सोळा पुतळे, छताला खोल चौकोन. विसाव्या शतकाच्या मध्यावर वास्तुशास्त्राने नक्षी टाकून दिली, सपाट काँक्रीट आणि गुळगुळीत लाकूड आले, सभागृहे रुंद झाली, आणि कित्येक नव्या सभागृहांतला आवाज कोरडा किंवा कर्कश लागू लागला. हे का होते, याचा छडा लावणाऱ्यांत मानफ्रेड श्रोडर पुढे होते. ते जर्मनीतल्या ग्यॉटिंगनचे प्राध्यापक आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांसह युरोपातल्या अनेक संगीतगृहांची तुलना केली तेव्हा दिसले की, दोन्ही कानांवर वेगवेगळा आवाज पडला, म्हणजे बाजूंनी पुरेसा आवाज आला, तर श्रोत्यांना ती जागा आवडते. रुंद सभागृहात तो आवाज बाजूंनी येण्याऐवजी छतावरून सरळ येतो. मग छतालाच आवाज बाजूंना फेकायला का लावू नये?

१९७५ साली श्रोडर यांनी गणिती क्रमांवरून खाचा पाडलेल्या पृष्ठभागाची पहिली कल्पना प्रसिद्ध केली. तिच्याहून सरस ठरलेली दुसरी कल्पना त्यांना कार्ल फ्रीडरिश गाउस यांच्या संख्यासिद्धांतातून मिळाली. गाउसही ग्यॉटिंगनचेच. हे गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. सात ही मूळ संख्या घ्यावी. शून्य ते सहा या आकड्यांचे वर्ग करावेत: ०, १, ४, ९, १६, २५, ३६. प्रत्येकाला सातने भागून बाकी लिहावी: ०, १, ४, २, २, ४, १. एवढेच. या बाक्यांच्या प्रमाणात लाकडात सात खाचा कराव्यात, दोन खाचांमध्ये पातळ पट्टी. आवाज प्रत्येक खाचेच्या तळाशी जाऊन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो, आणि या उशिरांची सांगड अशी बसते की बाहेर पडणारी ऊर्जा ठरावीक दिशांमध्ये जवळजवळ समान वाटली जाते. खांब अंदाजाने पांगवायचा. ही फळी हिशेबाने पांगवते.

हजार हर्ट्झपासून काम करणारी फळी हवी असेल, तर त्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटीमीटर. तिला चौदाने भागले की जवळपास अडीच सेंटीमीटर येते. म्हणजे खाचांची खोली ०, अडीच, सुमारे दहा, पाच, पाच, दहा आणि अडीच सेंटीमीटर. प्रत्येक खाच पाच सेंटीमीटर रुंद ठेवली, तर साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंत हिशेब चोख राहतो. लकडगंजच्या लाकूडबाजारातून फळ्या आणून कोणताही बरा सुतार अशी चौकट दोन-तीन दिवसांत जोडून देऊ शकतो. मापे तंतोतंत पाळायला मात्र त्याला आग्रहाने सांगावे लागते, कारण खाचेच्या खोलीत अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तर चालेल, अशी सुताराची साहजिक समजूत असते. सांध्यांत फटी राहिल्या, तर खाच आवाज पांगवण्याऐवजी गिळू लागते. फटी भरणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत गरजेचे काम.

ही कल्पना मोठ्या सभागृहात पहिल्यांदा उतरली ती न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला, १९८३ साली, हॅरल्ड मार्शल यांच्या ध्वनियोजनेत. त्याच वर्षी अमेरिकेत पीटर डँटोनियो यांनी अशा फळ्या बनवणारी कंपनी काढली. डँटोनियो मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ. स्फटिकावर क्ष-किरण पडून कसे विखुरतात, हे पाहण्यात वर्षे घालवलेल्या माणसाला श्रोडर यांचे गणित ओळखीचे वाटले, यात नवल नाही. स्टुडिओंमधून या फळ्या हळूहळू घरगुती ऐकण्याच्या खोल्यांत आल्या.

महाराष्ट्राने या वळणाच्या थोडे आधी एक मोठा प्रयोग केला होता. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे टाटा थिएटर १९८० साली खुले झाले. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस, आणि मागे जमशेद भाभांचा हट्ट. सतार, सरोद, तानपुरा अशी मृदू वाद्ये हजारभर श्रोत्यांना ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू यावीत, हा त्यामागचा हेतू होता. भारतीय मैफलीसाठी, तिच्या मंद आवाजाचा मान राखून, सभागृहाच्या ध्वनीचा विचार पायापासून करणे, हे या देशात फार कमी वेळा घडले आहे. नागपुरात सक्करदऱ्याला लागून असलेल्या रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते खुले झाले, सुमारे दोन हजार आसनांचे. सुरेश भट नागपुरातच २००३ साली वारले. त्यांची गझल एकट्याने गुणगुणण्याइतक्या हळू आवाजात सुरू होते, आणि दोन हजारांच्या सभागृहात तसा हळू आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे ही ध्वनीची अवघडातली अवघड परीक्षा. इतक्या मोठ्या जागेत मागची भिंत तीस मीटरवर असली, तर तिच्यावरून व्यासपीठाकडे परतणारा आवाज पावणेदोनशे हजारांश सेकंदांनी येतो. पन्नासाच्या पुढे कान त्याला स्वतंत्र पडसाद म्हणून पकडू लागतो. म्हणून मोठ्या सभागृहात मागची भिंत शोषून घेणारी किंवा पांगवणारी हवी.

लहान खोलीत हिशेब उलटा. बारा बाय चौदाच्या खोलीत ऐकणाऱ्याची खुर्ची मागच्या भिंतीपासून दोन-तीन फुटांवर येते. इतक्या जवळ खाचांची फळी लावली, तर कानाला पांगलेला एकजीव आवाज मिळण्याआधीच खाचांचे वेगवेगळे तुकडे ऐकू येतात, आणि गवयाचा गळा किंचित दाणेदार होतो. जाणकार साधारणपणे पाचसहा फूट तरी अंतर ठेवायला सांगतात. म्हणून अशा खोलीत डोक्यामागे जाड कापड किंवा गादी, आणि फळ्या बाजूच्या भिंतींवर, स्पीकरच्या मागे, जमल्यास छतावर. समांतर भिंतींच्या जोडीपैकी एकीवर जरी फळ्या आल्या, तरी टाळीमागचा ‘टर्रर्र’ जातो. पुस्तकांचे कपाट असेल, तर तेही कामाला येते; वेगवेगळ्या रुंदीची पुस्तके कडेला न आणता मागेपुढे ठेवली की थोडी पांगापांग तीही करतात, बरेचसे शोषतातही.

खालच्या सुरांवर मात्र यातले काहीच चालत नाही. चौदा फुटांच्या खोलीचा स्वतःचा पहिला सूर चाळीस हर्ट्झच्या आसपास, बारा फुटांचा सत्तेचाळीसच्या आसपास, आणि त्यांच्या दुपटी-तिपटी थेट डग्ग्याच्या घुमेत येऊन मिसळतात. त्यांना पांगवायला खाचा मीटर-दोन मीटर खोल लागतील, आणि मग खोलीत माणसाला जागा उरणार नाही. इथे विदर्भाच्या मातीचेच पीक उपयोगी पडते. भरीव कापसाच्या, हातभर जाड गाद्या खोलीच्या चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत उभ्या केल्या, तर शंभर हर्ट्झच्या वरचा घुमारा बराच आवरतो. त्याखालचा उरतो, आणि त्यासाठी खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावरून फूट-दीड फूट मागेपुढे सरकवून डग्गा सर्वांत मोकळा कुठे वाजतो, ते एकेक रेकॉर्ड लावून शोधावे लागते.